कातर लावण्यापूर्वी

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागले, मुलांची नावे शाळेत दाखल झाली, वाणी आणि दूधवाला ठरले, म्हणजे परप्रांती राहणाऱ्या मराठी नोकरदाराला शोध घ्यावा लागतो तो चांगल्या शिंप्याचा. आमच्या सेवाकाळात आम्ही पाच प्रांतांतून शिंपी शोधले. त्यांची भाषा निराळी, धर्म निराळा, मापे टिपून घेण्याची रीतही निराळी. पण त्यांतला जो जाणता असे, तो कापड हाती घेताच अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ते चोळून पाही आणि मापाची फीत उचलण्यापूर्वी एकच प्रश्न करी : हे पाण्यातून काढले आहे काय?

एका गावी हा प्रश्न कोणी केला नाही, आणि आम्हीही आपण होऊन काही सांगितले नाही. बंद गळ्याचा एक सुती कोट समारंभासाठी घाईने शिवून घेतला होता. वरचे कापड दुकानातूनच धुऊन आलेले होते. अस्तर मात्र कोरे होते. समारंभ यथासांग पार पडला. पुढे कोट एकदा परटाकडे जाऊन आला आणि त्याची छाती डोसा फुगावा तशी फुगून राहिली. वरचे कापड जिथल्या तिथे होते. आतले अस्तर आटून त्याला मागे ओढीत होते. सुटीत घरी गेलो तेव्हा आईने तो कोट उजेडात धरला आणि एवढेच विचारले, "अरे, अस्तर भिजवून दिलं होतंस का?" आम्ही निरुत्तर झालो. हजारो रुपयांच्या हिशेबात पैशाची चूक शोधून काढणाऱ्या आम्हांस दीड वार अस्तराचा हिशेब साधला नव्हता.

या लहानशा फजितीने आमचे लक्ष एका मोठ्या विषयाकडे वेधले. वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहिणारे कापूस कोठे पिकला, सूत कोणी कातले, माल कोणत्या बंदरातून गेला आणि जकात किती बसली हे विस्ताराने लिहितात. परंतु मागावरून उतरलेले कापड कातरीखाली जाईपर्यंत त्याचे काय काय होते, हे मधले प्रकरण सहसा कोणी उघडीत नाही. वास्तविक त्याच प्रकरणात एक जुना आणि महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. कापडाचे खरे माप कोणते, आणि ते खरे असल्याची हमी कोणी द्यावयाची?

प्रथम कापड आटते का, हे पाहू. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, घट्ट ओढून धरलेले असतात. त्यांतून आडवा बाणा ये-जा करतो. विणकर कापड उतरवितो तेव्हा धाग्यांतला तो ताण पुरता गेलेला नसतो. तो खळीने जणू जागच्या जागी गोठलेला असतो. कापड पाण्यात पडले की खळ सैल होते आणि कापसाचे तंतू फुगतात. आडवा धागा जाड झाला की त्याला वळसा घालून जाणाऱ्या उभ्या धाग्याला अधिक लांबीचा मार्ग आक्रमावा लागतो. ती लांबी तो आणणार कोठून? कापड आखूड होऊन. म्हणूनच सुती कापड बहुधा पन्ह्यापेक्षा लांबीत अधिक आटते. शेकडा पाच या प्रमाणात ते आटते असे धरले, तर चाळीस इंच लांबीच्या सदऱ्यातून दोन इंच नाहीसे होतात. हे दोन इंच चोरीस गेलेले नसतात. मुळात ते कापडाचे नव्हतेच, ताणाचे होते. पाण्यातून काढणे म्हणजे कापडाला त्याच्या स्वतःच्या मापावर येऊ देणे होय.

आता खळीकडे वळू. सूत मागावर घासून तुटू नये म्हणून ताण्याला तांदळाची किंवा पिठाची पेज पाजावी लागते. मराठीत या कामाला पांजणी म्हणतात. ही पेज सुतात मुरते, वाळते आणि कापडाचे वजन वाढविते. आमच्या स्मृतिकारांना हे पक्के ठाऊक होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असा नियम आहे की, विणकराने दहा पले सूत घेतले असता अकरा पले वजनाचे कापड परत द्यावे. न दिल्यास त्याला बारा पणांचा दंड करावा. दहाचे अकरा कसे व्हावेत, हे कोडे टीकाकार कुल्लूकभट्ट सोडवितो : पीठ, भात इत्यादी सुतात शिरल्यामुळे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातही दहास अकरा हेच प्रमाण विणकरांना घालून दिलेले आढळते. म्हणजे दहा भाग सुताला एक भाग खळ, ही मर्यादा त्या काळी सर्वमान्य होती. खळ हे गुपित नव्हते. तिचे माप राजाच्या दप्तरी नोंदलेले होते. ग्राहकाला जे दिसत नाही ते कायद्याने त्याच्यासाठी पाहावे, हे तत्त्व त्यात गृहीत आहे.

त्याच अधिकरणात परटांसाठीही नियम आहेत. त्यांनी लाकडी फळ्यांवर किंवा गुळगुळीत शिळांवरच वस्त्रे धुवावीत. अन्यत्र धुऊन वस्त्र बिघडविल्यास नुकसान भरून द्यावे आणि शिवाय सहा पण दंड भरावा. शुभ्रतेच्याही पायऱ्या ठरलेल्या होत्या. कळीसारखे पांढरे, शिळेवर शुद्ध झालेले, धुतलेल्या सुताच्या वर्णाचे आणि घासूनपुसून लख्ख केलेले असे चार प्रकार, आणि दर पायरीला एकेक रात्र वाढती मुदत. सरकारी कामात मुदती घालून देणाऱ्या आमच्या वाचकांस ही मुदतपत्रिका परकी वाटणार नाही.

भाषेतही या मधल्या अवस्थेच्या खुणा राहिल्या आहेत. मागावरून नुकत्याच उतरलेल्या कापडास 'तंत्रक' म्हणावे, असे पाणिनीने सूत्रच केले. अमरकोशात नव्या वस्त्राला 'अनाहत' असा आणखी एक शब्द आहे. अनाहत म्हणजे ज्यावर अजून आघात झालेला नाही ते. योगशास्त्रातला अनाहत नाद आपण ऐकून असतो; परटाच्या शिळेवर अजून न आपटलेल्या कापडालाही तोच शब्द आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. धर्मकृत्यांत लागणारे 'अहत' वस्त्रही त्याच धातूचे. पण त्याची जी व्याख्या निबंधग्रंथांत उद्धृत केलेली सापडते, ती मोठी मार्मिक आहे. नवे, पांढरे, दशांसहित आणि कोणी न नेसलेले ही लक्षणे तर त्यात आहेतच. परंतु त्यांच्याही आधी एक लक्षण येते, ते म्हणजे 'किंचित धुतलेले'. अगदी कोऱ्या वस्त्रालाही एकदा पाणी दाखविले पाहिजे, हा विचार शिंप्याच्या दुकानातून देवघरात गेला की देवघरातून दुकानात आला, याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. दोन्ही ठिकाणी तो नांदत होता एवढे निश्चित.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. आमच्या देशात तर धोतर, लुगडे, उपरणे, पागोटे अशी न शिवलेली वस्त्रेच मुख्य होती. मग कापण्यापूर्वीच्या तयारीचे महत्त्व ते किती? शंका रास्त आहे. नेसावयाचे वस्त्र आटले तरी निरीला एक घडी कमी पडते, इतकेच. त्याचे माप अंगाला चिकटलेले नसते. कापलेल्या आणि शिवलेल्या वस्त्राची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी बांधलेला असतो, आणि एकाने माघार घेतली की सर्वांची ओढाताण होते. लंडन येथे भारतविषयक वस्तूंचे संग्राहक असलेले जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली भारतीय कापडाच्या सातशे नमुन्यांचे अठरा खंड तयार केले आणि त्यांचे वीस संच वाटले. ब्रिटिश कारखानदारांना आमच्या आवडी कळाव्यात हा त्यांचा हेतू. सोबतच्या ग्रंथात त्यांनी पहिला भेद केला तो हाच. मागावरून उतरताच नेसता येणारी वस्त्रे एका बाजूला आणि कातर-सुईची गरज असलेले कापड दुसऱ्या बाजूला. पण शिवणारेही येथे जुनेच होते. महाराष्ट्रात तेराव्या-चौदाव्या शतकांत होऊन गेलेले नामदेव जातीने शिंपी होते, हे सर्वश्रुत आहे. कातर आणि सुई आमच्याकडे साहेबाच्या बोटीतून आलेली नाही.

मात्र न शिवलेल्या वस्त्रांचा देश असो की शिवलेल्यांचा, मागावरचे कापड धुऊन, सरळ करून, घोटून बाजारात आणण्याची विद्या येथे फार वरच्या पायरीस पोचली होती. अबुल फज़लने 'आईन-इ-अकबरी'त बंगालमधील सोनारगाव प्रदेशातल्या एका मोठ्या तलावाचा उल्लेख केला आहे. त्यात धुतलेल्या कापडास आगळी शुभ्रता येते असे तो नमूद करतो. सतराव्या शतकातील फ्रेंच रत्नव्यापारी तावर्निये याने गुजरातेत भडोच येथे कापड धुण्यासाठी दूरदूरहून माल येत असल्याचे लिहिले आहे, आणि त्याचे कारण दिले आहे ते मोकळी कुरणे आणि विपुल लिंबे. कापड एका गावी विणावे आणि धुवावयास दुसऱ्या गावी न्यावे, इतके त्या पाण्याचे आणि त्या हातांचे मोल होते.

या विद्येचे सर्वांत सविस्तर वर्णन आम्हांस मिळाले ते ढाक्क्याचे. जेम्स टेलर हा सर्जन कंपनी सरकारच्या नोकरीत तेथे राहिला. म्हणजे तोही आपल्यासारखाच परमुलुखी पडलेला अधिकारी. त्याने फावल्या वेळात गावच्या कारागिरांकडे पाहिले आणि जे पाहिले ते १८४० व १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत नोंदवून ठेवले. मलमल मागावरून उतरल्यावर तिच्यावर किती हात फिरत, ते त्यावरून कळते. धोबी धूत, हट्टी डाग काढणारा 'दाग-धोबी' वेगळा, तुटलेला धागा बेमालूम जोडणारा रफूगार वेगळा. धुण्यात धागे सरकून वाकडे झाले असतील तर ते पुन्हा सरळ ओळीत आणणारा कारागीर निराळाच. तो कापड रुळावर गुंडाळून निवडुंगाच्या काट्यांच्या फणीने एकेक धागा जागेवर आणी. शेवटी कुंदीगर शंखाने किंवा मोगरीने घोटून कापडावर तकाकी आणी, आणि इस्त्रीवाला घडी घाली.

धागा सरळ करण्याचे हे काम ज्यांनी घरी शिवण केले आहे त्यांना तत्काळ उमगेल. कापड कातरण्यापूर्वी त्याचा एक आडवा धागा ओढून काढून ती रेघ पाहावयाची, कापड उरेबात ताणून चारही कोपरे काटकोनात आणावयाचे, मगच खडू धरावयाचा. वाकड्या धाग्यावर कापलेला सदरा कितीही नेटका शिवला, तरी दोन धुण्यांनंतर त्याची शिवण पोटावरून फिरू लागते. ढाक्क्याचा तो कारागीर हेच काम मलमलीवर काट्याने करीत होता. आज त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव कोणास सांगता येणार नाही. कुंदीगर तर मराठीत उरला आहे तो 'कुंदी काढणे' या वाक्प्रचारात, आणि तोही मार देण्याच्या अर्थाने! आपल्या भाषेने कारागीर विसरला आणि त्याची मोगरी तेवढी लक्षात ठेवली.

यानंतर या कथेत जे वळण येते ते सुखाचे नाही. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या यंत्रमागांचे कापड आमच्या बाजारात लोटले. खळ तेथेही लागतच होती. पिठाची आणि चरबीची खळ देण्याचा प्रघात जुनाच होता. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात चांगला कापूस मिळेनासा झाला, आखूड धाग्याच्या कापसावर गिरण्या चालवाव्या लागल्या, आणि ते दुबळे सूत मागावर टिकावे म्हणून खळ वाढत गेली. पिठाच्या जोडीला चिनी माती आली. माती सुताला चिकटून राहावी म्हणून हवेतील ओलावा शोषून घेणारे क्षार आले. ओलाव्याने बुरशी धरू लागली, तेव्हा ती मारण्यासाठी जस्ताचा क्षार आला. एका लबाडीला सांभाळण्यासाठी दुसरी, आणि दुसरीसाठी तिसरी, असा हा क्रम होता. युद्ध संपले, कापूस आला. परंतु माती गेली नाही. पूर्वेकडे पाठवावयाच्या काही मालात सुताच्या वजनाइतकी, प्रसंगी त्याहूनही अधिक खळ भरली जाई. मनूने दहास एक ही मर्यादा घातली होती. ती येथे दहास दहा झाली.

या मातीची किंमत दोन टोकांना दोन माणसांनी मोजली. एक होता तिकडचा विणकर. मातीने ताठरलेले सूत तुटू नये म्हणून मागांच्या दालनांत वाफ सोडीत. त्या दमट हवेत आणि उडणाऱ्या धुळीत तो दिवसभर उभा राही. टॉडमॉर्डन येथील विणकरांच्या तक्रारीवरून डॉ. जॉर्ज ब्युकॅनन यांनी १८७२ साली या खळीचा आणि आरोग्याचा संबंध तपासून सरकारास अहवाल दिला, आणि पुढे १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटने कापड गिरण्यांतील दमटपणावर मर्यादा घालणारा कायदा केला. दुसरा माणूस होता आमच्या बाजारात एक धोतरजोडी विकत घेणारा शेतकरी. हाताला भरघोस, वजनाला भारी असे ते धोतर त्याने पारखून घेतले. पहिल्या धुण्यात माती नदीला गेली आणि हाती उरली ती जाळी. वर्षातून दोनदा कापड घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्याने कापडाच्या भावाने चिकणमाती विकत घेतली होती. त्याच्यासाठी कोणी अहवाल लिहिला नाही.

त्याच १८८९ साली हिंदुस्थानातही एक कायदा झाला : व्यापारी चिन्हांचा. त्यान्वये कापडाच्या ठाणावर त्याची लांबी वारांत छापणे आवश्यक ठरले. ठाणाच्या टोकाचा तो छापील आकडा पुढे कित्येक पिढ्यांच्या ओळखीचा झाला. ग्राहकाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता, आणि तो कमी लेखण्याचा आमचा मानस नाही. तरीही सरकारी कामकाजाची थोडी ओळख असल्यामुळे आमच्या मनात एक प्रश्न येतोच. शिक्का दुकानातल्या लांबीचा होता. धुतल्यावर किती वार उरतील, याविषयी शिक्का मौन पाळून होता. कागदावरची संख्या बरोबर आणि वस्तुस्थिती उणी, असा अनुभव ज्याने नोकरीत एकदाही घेतला नाही, असा वाचक विरळा.

धुतल्यानंतरच्या मापाची हमी देणारा शिक्का आला तो आणखी चाळीस वर्षांनी आणि अमेरिकेतून. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय हे गाव सदऱ्यांच्या सुट्या कॉलरांसाठी प्रसिद्ध होते. पहिल्या महायुद्धानंतर सुटी कॉलर मागे पडून सदऱ्याला जोडलेल्या कॉलरची चाल पडली, आणि मोठीच पंचाईत झाली. सुटी कॉलर आटली तर दुसरी घेता येई. जोडलेली कॉलर आटली की सबंध सदराच गळ्याला फास लावी. तेथील क्लुएट-पीबॉडी कंपनीतील सॅनफर्ड क्लुएट (१८७४–१९६८) यांनी या अडचणीचा विचार केला. गिरणीत धुलाई, रंगाई, घोटाई या प्रत्येक क्रियेत कापड पुढे ओढले जाते आणि त्यामुळे लांबते, हे त्यांनी हेरले. मग ओढण्याऐवजी त्याला मागे रेटले तर? ताणलेल्या जाड पट्ट्यावर दमट कापड चढवावयाचे आणि पट्टा आखडू द्यावयाचा. पट्ट्याबरोबर कापडही लांबीत दाटून बसते. पाण्याने जे उद्या होणार ते यंत्राने आजच उरकले. या युक्तीचे पेटंट १९३० साली मिळाले आणि शोधकाच्या नावावरून क्रियेला 'सॅन्फोराइज्ड' हे नाव पडले. धुतल्यावर कापड शेकडा एकाहून अधिक आटणार नाही, ही त्या शिक्क्यामागची अट होती. स्वातंत्र्योत्तर काळात आमच्या मासिकांतून या शब्दाच्या जाहिराती झळकू लागल्या, आणि ठाणाच्या काठावर तो छापलेला पाहून गिऱ्हाईक निश्चिंत होऊ लागले. पुढे न आटणारे कृत्रिम धागे आले, तयार कपडे आले, आणि शिंप्याचा तो जुना प्रश्न हळूहळू दुकानांतून मावळत गेला.

ही प्रगतीच आहे. यंत्राने दिलेली हमी परटाच्या शिळेपेक्षा कमी प्रामाणिक असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मातीची खळ भरणाराही यंत्रवालाच होता आणि शेकडा एकाची अट पाळणाराही यंत्रवालाच. दोष यंत्राचा नव्हता; माप कोणाच्या सोयीने मोजले जाते, हा प्रश्न होता. विणकराच्या सोयीने मोजले तर ताणलेले माप खरे, दुकानदाराच्या सोयीने मोजले तर छापलेले माप खरे, आणि नेसणाऱ्याच्या सोयीने मोजले तर धुतल्यावर उरते तेच खरे. मनूपासून क्लुएटपर्यंतचा हा सारा इतिहास म्हणजे तिसऱ्या मापाला मान्यता मिळविण्याची खटपट होय, असे आम्हांस वाटते.

या खटपटीचे एक उत्तर मात्र कोणत्याही कायद्याची वा शिक्क्याची वाट न पाहता आमच्या घरांतून केव्हाच तयार होते. ते म्हणजे गोधडी. गोधडीला कोरे कापड चालत नाही. तिच्यात जाते ते आजीचे विरलेले लुगडे, आजोबांचे धोतर, मुलांचे तोकडे झालेले सदरे. शेकडो वेळा धुतलेल्या या कापडांत आता आटण्यासारखे काही उरलेले नसते. त्यांचा ताण केव्हाच गेलेला असतो. म्हणूनच ती एकावर एक बसतात आणि धावदोऱ्याच्या टाक्यांनी एकमेकांना धरून राहतात. एखादा कोरा तुकडा हौसेने मध्ये घातला, तर पहिल्याच धुण्यात तो आखडून शेजाऱ्यांना चुण्या पाडतो. कोलकात्यास बदली झाली तेव्हा आम्ही कांथा प्रथम पाहिली. तेथेही जुन्या साड्या आणि धोतरे यांचेच थर, आणि त्याच साड्यांच्या काठांतून काढलेला रंगीत दोरा. बिहारची सुजनी त्याच कुळातली. या बायकांना तंतू पाण्याने का फुगतो, हे कोणी शिकविले नव्हते. पण कापडाला त्याचे खरे माप काळ आणि पाणी दाखवितात, हे त्या जाणून होत्या.

नव्या कापडाच्या बाबतीतही घरची शिस्त तेवढीच पक्की होती. कोरे कापड आणले की त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचे बोट लावावयाचे, रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावयाचे, न पिळता सावलीत वाळत घालावयाचे, आणि दमट असतानाच हाताने कोपरे ओढून सारखे करावयाचे. रंगीत असेल तर वेगळ्या पातेल्यात, मिठाच्या पाण्यात. पोलक्याच्या खणाबरोबर त्याचे अस्तरही भिजले पाहिजे. लुगड्याची साडी झाली, साडीला फॉल आला, तरी नियम तोच : फॉल पाण्यातून काढल्यावाचून लावावयाचा नाही. आणि एवढे करूनही शिवताना आत थोडे कापड जादा राखावयाचे. त्याला मराठी शिवणकामात 'माया' म्हणतात. आटण्याचा हिशेब पाण्याने चुकता केल्यावरही वाढत्या अंगासाठी काही शिल्लक ठेवावयाची आणि त्या शिलकीला माया म्हणावयाचे, हे आमच्या भाषेचे औदार्य होय.

तो फसलेला कोट पुढे काय झाला, हे सांगून हा लेख पुरा करतो. आईने तो उसवला. अस्तर काढून टाकले. वरचे कापड, जे आधीच धुतलेले होते, ते जसेच्या तसे निघाले. दोन वर्षांनी पुढच्या बदलीच्या गावी ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी एक नवी गोधडी होती आणि तिच्या मधोमध आमच्या कोटाच्या पाठीचा चौकोन होता. अस्तराचे तुकडेही त्यात होते. एव्हाना तेही पुरेसे आटून शहाणे झाले होते. गोधडीच्या घडीत एक चार वार कोरे अस्तर ठेवलेले सापडले. त्याला हाताने घडी घातलेली होती, कोपऱ्याला कुंकवाचा फिकट ठिपका होता. चोळून पाहिले, खळ लागली नाही. ते पाण्यातून काढलेले होते.